आईची कळ

शिरोळच्या म्हाताऱ्याच्या कमरेला एक पट्टा बांधून झाला. दुसरा स्वतःच्या कमरेला आवळून शर्वरी नलवडे शेजारच्या खाटेवर पालथी झोपली, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याच्या सुनेनं पदराखालून मीठ-मिरच्यांची पुडी बाहेर काढली.

"अहो मावशी, इथं जाळायचं नाही काही!" यंत्र चालवणारी नसरीन ओरडली.

"जाळत न्हाई गं बाई, नुसतं ओवाळते. आमच्या मामंजींचं दुखणं ह्या घेणार, मग ह्यांची दृष्ट नको व्हय काढायला?"

मिरजेच्या त्या इस्पितळात हे रोजचंच होतं. दारावर 'वेदनावाचन कक्ष' अशी पाटी होती, पण बाहेरच्या बाकड्यावरची माणसं तिला 'दुखणं घेणाऱ्या बाईंची खोली' म्हणत. डॉक्टर आरवाड्यांनी पहिली दोन वर्षं लोकांना घसा फोडून समजावलं, की बाई काही घेत नाहीत, फक्त बघतात. तिसऱ्या वर्षी त्यांनी नाद सोडला.

बारा मिनिटं शर्वरीनं म्हाताऱ्याचं दुखणं दात दाबून सोसलं. मग पट्टा सोडून ती उठली. "सर, सांध्याचं आहे. खालून दुसरा मणका, उजवी बाजू. चकतीचा संबंध नाही, नस मोकळी आहे. सुई पुरेल. कापू नका."

आणि म्हातारा खाटेवरून उतरत म्हणाला, "हलकं वाटायलंय की! घेतलंस बघ पोरी."

आता यात खरं काय आणि खूळ काय, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पाठीच्या, मानेच्या, कमरेच्या दुखण्याची पंचाईत अशी की ते फोटोत दिसत नाही. शंभर धडधाकट माणसं एमआरआयच्या नळीत घाला, निम्म्यांच्या चकत्या सरकलेल्या दिसतील, आणि ती माणसं बाहेर येऊन खुशाल गड चढतील. उलट, ज्याला उठता-बसता ब्रह्मांड आठवतं त्याचा फोटो कधीकधी अगदी स्वच्छ. मग कुणी फोटो बघून कापायचं, तर कुणी 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावायचं. असं वर्षानुवर्षं चाललं.

दुखणं हा शेवटी एक निरोप असतो. नसांतून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जाणारी बारीक विजेच्या ठोक्यांची माळ. सांध्याच्या दुखण्याची माळ वेगळी, दबलेल्या नसेची वेगळी. आरवाडे आणि त्यांच्या पुण्याच्या मित्रांनी केलेल्या पट्ट्यात चारशे बारीक संवेदक होते. ते रोग्याच्या पाठीवरून ही माळ टिपायचे आणि दुसऱ्या पट्ट्यातून निरोगी माणसाच्या मज्जारज्जूत जशीच्या तशी वाजवायचे. यंत्राला ठोके मोजता येत, पण ते दुखतं कसं हे कळायला माणूसच लागे. शर्वरी त्या कामाची निघाली. तिच्या खोलीमुळे इस्पितळातली पाठीची ऑपरेशनं निम्म्यावर आली.

यात एक धोका होता. मज्जारज्जू शिकतो. तेच ते दुखणं फार दिवस पोचवत राहिला की त्याला सवय लागते, आणि मग आग विझली तरी बंबाची घंटा ठणाणा वाजतच राहते. म्हणून प्रत्येक रोग्यानंतर वाचणारीच्या पाठीत दहा मिनिटं त्याच रोग्याच्या माळेला बेतलेला गोंधळाचा संदेश सोडत. त्यात तेवढी एक माळ विस्कटून जाई. याला इस्पितळात सगळे 'अंघोळ' म्हणत. अंघोळ केल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा कडक नियम होता.

सहा वर्षांत शर्वरीनं ती एकदाच चुकवली.

तिची आई शालन. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये तिनं तीस वर्षं बसक्या पाटावर वाकून बेदाणा निवडला. त्यात तिच्या कण्यातली नसांची नळी जन्मतःच अरुंद. शर्वरीलाही तीच देणगी मिळालेली होती, नोकरीला लागतानाच्या तपासणीत ती दिसली होती. आईचा आधी पाय बधिर झाला, मग लघवी अडायला लागली, आणि बाईनं दोन्ही गोष्टी लपवल्या. लेक या खात्यात कामाला असून लपवल्या! "काय दुखतंय का?" म्हटलं की "बरी आहे" हे ठरलेलं. कणा उघडला तोवर फार उशीर झाला होता. दोन्ही पाय गेले. सात महिने ती तासगावला रणजितकडे, म्हणजे शर्वरीच्या धाकट्या भावाकडे, अंथरुणावर होती.

डिसेंबरात तिची वाचा गेली. दिवसरात्र नुसती कण्हायची, आणि काय होतंय ते कुणाला कळेना. आरवाड्यांनी आपणहून यंत्र दिलं, नसरीन ते गाडीत घालून घेऊन आली, आणि शर्वरीनं आईच्या शेजारी सतरंजीवर पडून पट्टा बांधला.

डाव्या कमरेतून निघून मांडीमागून टाचेपर्यंत तापलेली तार ओढावी, तशी कळ. थांबायची, परत निघायची. शर्वरीनं उशी तोंडात धरली. सात महिने ही बाई असल्या आगीत पडून 'बरी आहे' म्हणत होती! पट्टा सोडताना आईनं डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाली, "आता बरं वाटतंय गं." मऊ भाताचे दोन घास खाल्ले. सकाळी ती गेली.

अशा वेळी कुणाला अंघोळ आठवते? सावडायच्या दिवशी कळशी उचलायला शर्वरी वाकली आणि डाव्या कमरेतून टाचेपर्यंत तीच तार सणाणून गेली. तीच. रतिभराचा फरक नाही. भिंतीला धरून ती हमसून हमसून रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

रणजितनं तोवर सगळ्या भावकीत पसरवून टाकलं होतं: "ताईनं आईचं दुखणं घेतलं, म्हणून आई सुखानं गेली." दिवसांच्या जेवणाला आलेल्या मावश्या तिच्या पाया पडल्या. शर्वरीला पक्कं ठाऊक होतं की आपल्याकडे आली ती नुसती नक्कल. पण आईचा चष्मा अजून फळीवर होता, तिची लुगडी कुणाला दिली नव्हती, घरात वर्षभर सणवार करायचा नव्हता. मग हेच तेवढं विस्कटून टाकायचं?

"वर्षश्राद्ध होऊ दे," तिनं नसरीनला सांगितलं. "मग धुईन."

वाचणारीची पाठ रोज सकाळी तपासून 'कोरी' अशी नोंद करावी लागे. नसरीन म्हणाली, "ताई, डाव्या बाजूला खरखर येतेय, मी कोरी कसं लिहू?"

"आई आहे ती," शर्वरी म्हणाली.

नसरीनची आई ती सातवीत असताना गेलेली. तिनं मान खाली घातली आणि लिहिलं, कोरी.

आठ महिने असे गेले. शर्वरी कळीबरोबर राहायला शिकली. उठताना आईसारखा कमरेवर हात जाई, जिना चढताना आईसारखंच "आई गं" तोंडातून निघे, आणि मग तिला हसू येई. दुखायचं हो, दुखायचं ना! पण दुखलं की घरात आणखी कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

ऑगस्टातल्या एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि तिचा नवरा विक्रांत पेपर टाकून उठला.

"अगं, पायाला काय झालं?"

तिनं खाली बघितलं. डावं पाऊल लालभडक झालं होतं, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत फोड टरारून आले होते. गीझरचं कढत पाणी तिनं मघाशी पायांवर ओतलं होतं. उजवा पाय चटकन मागे घेतला होता. डावा तिथंच राहिला होता.

"एवढं भाजलं आणि तुला कळलं नाही?"

"आईचाही पाय असाच बधिर झाला होता ना," ती पटकन म्हणाली.

विक्रांत आयटीआयमध्ये वायरिंग शिकवायचा. असल्या गोष्टीत बायकोला जास्त कळतं असं धरून चालणारा साधा गडी. त्यानं मलम लावलं, पट्टी बांधली, वर मोजा चढवला. "डॉक्टरांना दाखव मात्र," म्हणाला.

तिनं दाखवलं नाही. कामावर गेली, तीन रोगी वाचले, हसली, बोलली. पण त्या दिवसापासून भीती तिच्या मनात घर करून बसली. उत्तर दोनच होती. हे आईचं असेल तर शर्वरी ठणठणीत होती. आणि हे स्वतःचं असेल तर आई ज्या वाटेनं गेली त्याच वाटेला ती लागली होती: आधी पाय, मग लघवी, मग अंथरूण, मग पाठीला जखमा आणि कण्हणं. तिच्या लेकीला, दहावीतल्या ईराला, बेडपॅन धरावं लागणार. भाजीत मीठ टाकताना हे मनात यायचं आणि हात थांबायचा. मग कळ यायची, ओळखीची, आईची, आणि तिला धीर यायचा. बघ, आईच आहे.

पुढच्या आठवड्यात कुपवाडचा एक क्रेनवाला आला. शर्वरीनं वाचलं आणि सांगितलं, "डावी नस चिरडतेय सर. उघडावं लागेल." दुसऱ्या दिवशी भूल द्यायच्या आधी आरवाड्यांनी त्याला सहज विचारलं, "काय रे, पाय कुठला दुखतो तुझा?"

"उजवा की साहेब."

आरवाड्यांनी हातमोजे काढले, ऑपरेशन थांबवलं आणि सरळ वाचन कक्षात आले. आठ महिन्यांच्या नोंदी मागितल्या. नसरीन रडायलाच लागली, आणि रडता रडता तिनं सगळं सांगून टाकलं.

"आईचं दुखणं सांभाळून ठेवलंस?" आरवाडे साठीचे, शांत गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "उद्या मी त्या पोराची चांगली बाजू कापली असती! तुला कामावरून काढायला पाहिजे. ते नंतर बघू. आधी चल, एमआरआय काढ."

एमआरआय झाला. त्यांनी सहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी लावला. नळी तेव्हाही अरुंद होती, आताही अरुंद होती. किंचित जास्त म्हणावं तर जास्त.

"हे बघ शर्वरी. एवढ्या नळीवर माणसं जन्म काढतात. या फोटोवर मी तुला कापणार नाही. तुझ्या कण्यातली जागा एवढी कमी, की विनाकारण हात घातला तर असलेला पाय जाईल. आणि ही कळ तुझी स्वतःची असेल, तर थांबलो तरी पाय जाईल. दुसऱ्या वाचणारीला बोलावून उपयोग नाही. नक्कल आणि अस्सल दोन्ही सारखीच लागतात, तूच मला शिकवलंस ते. एकच उपाय आहे. अंघोळ कर. कळ गेली तर आईची. राहिली तर तुझी, आणि मी त्याच दिवशी कणा उघडतो."

"डिसेंबरात करते सर. वर्ष झालं की."

"डिसेंबरपर्यंत ती पुरती मुरेल, मग आईची असली तरी निघायची नाही." त्यांनी दोन्ही फोटो उतरवले. "पायात बधिरपणा? लघवीला त्रास?"

"नाही सर."

हे दोन प्रश्न त्यांनी आईलाही विचारले होते, याच खोलीत, आणि आईनंही हेच उत्तर दिलं होतं. शर्वरीला ते आठवलं, तरी तिच्या तोंडून हेच निघालं. मोज्याच्या आत फोड चिघळत होता. खोटं बोलली ती भीतीनं. अंघोळ केली नाही तोवर कळ आईची असायला जागा होती. एकदा केली की जागाच संपली.

संध्याकाळी रणजितचा फोन आला. विक्रांतनं त्याला अंघोळीचं सांगितलं होतं. "ताई, चारच महिने राहिले की गं. एवढं काढलंस. आई तुझ्याकडं आहे म्हणून आम्ही निवांत आहोत. मशीनमध्ये घालून टाकणार तिला?"

"नाही टाकत," ती म्हणाली, आणि तिला केवढं बरं वाटलं!

दुसऱ्या सकाळी ती संडासात बसली आणि लघवी होईना. पोट गच्च भरलेलं, आणि होईना. तिनं नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकला. वाकून पोट दाबलं. बाहेर ईरा शाळेला उशीर होतो म्हणून दार वाजवत होती. दहा मिनिटं झाली. 'आईचंही असंच व्हायचं,' तिनं स्वतःला सांगितलं. पण या वेळी त्या वाक्यानं धीर आला नाही. आईचंही असंच व्हायचं, आणि मग आईचं काय झालं? तिला दरदरून घाम फुटला.

"विक्रांत!" ती आतूनच किंचाळली. "गाडी काढ!"

वाचन कक्षात नसरीननं पट्टा बांधला. आरवाडे पडद्यासमोर बसले. विक्रांत दाराशी उभा होता, हातात शर्वरीची पर्स धरून, ती ठेवायचं भान नसल्यासारखा.

"सर, मला दोन्हीकडून भीती वाटते," शर्वरी उशीत तोंड खुपसून म्हणाली. "गेली तर आई जाईल. राहिली तर मी."

"सुरू कर नसरीन," आरवाडे म्हणाले.

पाठीत मुंग्यांचं वारूळ फुटलं. आधी काहीच फरक पडेना. कळ आली, तशीच आली, टाचेपर्यंत गेली, आणि शर्वरीनं डोळे गच्च मिटले. माझी आहे. माझीच आहे. पुढची कळ पोटरीपर्यंतच गेली. त्यानंतरची गुडघ्यामागे विरली. मग मांडीत एक, कमरेत एक, अगदी बारीक, आणि मग नाहीच. ती वाट बघत राहिली. परत आली नाही.

"कोरी!" नसरीन खुर्चीतून उठलीच. "सर, कोरी आहे! खरखरसुद्धा नाही!"

आरवाड्यांनी चष्मा काढून तोंडावरून हात फिरवला. "आईचीच होती बाई. सुटलीस."

विक्रांत पर्ससकट तिच्याजवळ आला आणि वेड्यासारखा हसत रडायला लागला. शर्वरीही रडत होती. आई दुसऱ्यांदा गेली होती आणि या वेळी तिला लेकीनंच घालवलं होतं. पण ती स्वतः जगली होती, ईराला बेडपॅन धरावं लागणार नव्हतं. देवा, सुटले! कमरेवर हात न ठेवता ती उठून बसली. काही दुखलं नाही. तिनं पाय खाली सोडले.

उजव्या तळव्याला फरशी गार लागली. डाव्याखाली फरशीच नव्हती.

ती तशीच बसून राहिली. खोलीत सगळे बोलत होते. विक्रांत रणजितला फोन लावत होता. तिनं वाकून मोजा काढला, चिकटलेली पट्टी ओढली. जखम ओली होती. पट्टी निघताना काही वाटलं नाही.

"सर," ती म्हणाली, "टाचणी आहे का?"

आरवाड्यांनी पायाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ट्रेमधली सुई उचलली आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. शर्वरीनं डोळे मिटले.

"टोचा ना सर."

तिनं डोळे उघडले. पावलावर तीन ठिकाणी रक्ताचे ठिपके उभे राहिले होते.

"किती दिवस?" आरवाड्यांनी विचारलं.

"बारा. लघवी काल संध्याकाळपासून नाही." मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सर, पट्ट्यातून निरोप उतरतो. बधिरपणा म्हणजे निरोपच नसणं. जे नाहीच, त्याची नक्कल कशी उतरेल? आईची कळ आली होती माझ्याकडे. आईचा बधिर पाय नव्हता आला. तो कसा येईल? सहा वर्षं मी हे काम करते, मला हे कळायला नको होतं?"

आरवाडे उत्तर द्यायला थांबले नाहीत. ते बोळात ओरडत होते, थिएटर मोकळं करा, भूलवाल्यांना बोलवा, आत्ता, या क्षणी. बारा दिवसांनी किती हाती लागेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. विक्रांत फोन हातात तसाच धरून उभा होता. पलीकडून रणजित "ताई? ताई?" करत होता.

दोघांनी तिला ढकलखुर्चीत बसवलं. बोळातून जाताना शर्वरीनं दोन्ही हातांनी डावी मांडी घट्ट धरली आणि कमरेपासून टाचेपर्यंत सगळीकडे लक्ष देऊन बघितलं. एखादी कळ, एखादी मुंगी, काहीतरी. ये गं, ती मनात म्हणत होती, ये, आता माझी स्वतःची ये. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिचं कुठंही काही दुखत नव्हतं, आणि भीतीनं तिचे दात वाजत होते.